मोठ्यानं म्हणायची जागा

जर्मनीत ग्यॉटिंगनमधल्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला मी खोलीत मांडी घालून बसले आणि रोजच्यासारखं म्हणायला लागले. आधी चार धातूंची रूपं, मग आदल्या आठवड्यात पाठ केलेले दहा श्लोक. मी चौथीत असताना आजोबांनी लावलेली ही सवय. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी उजाडताना खणखणीत म्हणायचं; मनातल्या मनात म्हटलेलं हिशेबात धरायचं नाही. वाईला आमच्या घरापासून कृष्णेचा घाट पाच मिनिटांवर. पावसाळा सोडला तर आजोबा मला घाटावरच न्यायचे. स्वतः खालच्या पायरीवर बसायचे आणि मला वरच्या पायरीवर उभं करायचे. पाण्याचा आवाज, धुणं आपटल्याचा आवाज, देवळातली घंटा, या सगळ्यांतून माझा शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे, असा नियम होता.

दहाव्या मिनिटाला दार वाजलं. शेजारच्या खोलीतली मुलगी उभी होती. केस विस्कटलेले, पायात लोकरीचे जाड मोजे. रागावलेली अजिबात नव्हती, काळजीत होती. मला कळावं म्हणून सावकाश जर्मनमध्ये तिनं विचारलं, "काय झालं? फोनवर कुणाशी भांडण झालं का?"

मी म्हणाले, "नाही, व्याकरण म्हणत होते."

तिनं मान डोलावली आणि मला हाताला धरून सामायिक स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं. तिथे एक कागद चिकटवला होता. रात्री दहा ते सकाळी सात शांतता, रविवारी आणि सुटीच्या दिवशी दिवसभर. याला 'रूहेत्साइट' म्हणतात. जर्मन शिकताना हा शब्द मी पाठ केला होता, पण त्याचा माझ्या सकाळशी काही संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्या मजल्यावर आम्ही सात जण होतो, भिंती पातळ होत्या, आणि माझा आवाज घाटावर घडवलेला.

मी पुण्यात संस्कृतमध्ये एम.ए. करते आणि दुसऱ्या वर्षातलं एक सत्र, तिकडचं हिवाळी सत्र, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, ग्यॉटिंगनला होते. निघण्याआधी निदान पन्नास जणांनी विचारलं असेल, "संस्कृत शिकायला जर्मनीला?" त्यातल्या काहींना मी नीट उत्तर दिलं. इथेही देते, कारण हे नातं मला फार जवळचं वाटतं.

फ्रान्झ कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित १८६६ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुण्यातल्या शास्त्र्यांकडे बसून ते पाणिनीय व्याकरण शिकले. त्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली आवृत्ती १८८० पासून मुंबईत छापून निघू लागली. हे काम चालू असतानाच ते पुणं सोडून ग्यॉटिंगनला प्राध्यापक म्हणून गेले आणि १९०८ मध्ये तिथेच वारले. डेक्कन कॉलेजात त्यांच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, आणि त्याच भांडारकरांना १८८५ मध्ये ग्यॉटिंगन विद्यापीठानं सन्मानाची डॉक्टरेट दिली. पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी कीलहॉर्नची आवृत्ती सुधारून भांडारकर संस्थेतून पुन्हा काढली. आम्ही पुण्यात वापरतो ती हीच. म्हणजे एक पुस्तक पुण्यात घडलं, ग्यॉटिंगनमध्ये पुरं झालं आणि पुन्हा पुण्यात आलं. ग्यॉटिंगनच्या ग्रंथालयात पहिल्याच आठवड्यात मी जुनी मूळ आवृत्ती मागवली. पहिल्या पानावर 'मुंबई' वाचलं आणि घसा दाटून आला. टेबलावर समोर कुणी नव्हतं ते बरं झालं.

गाव लहान आहे. लाख-सव्वा लाख वस्ती, त्यात वीस हजारांहून जास्त विद्यार्थी. विद्यापीठ १७३७ पासूनचं. जुन्या गावातल्या घरांवर पांढऱ्या पाट्या आहेत: अमुक माणूस या घरात अमुक साली राहत होता. गणिती, कवी, रसायनशास्त्रज्ञ, शेकड्यांनी पाट्या. भाजी घेऊन येताना मी रोज एक तरी नवी वाचायचे. गणिती गाऊस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३३ मध्ये याच गावाच्या छपरांवरून तार ओढून एकमेकांना विजेवर निरोप पाठवले. बाजारचौकात कारंज्यावर गेन्जेलीझल उभी आहे, हंस सांभाळणारी पोर, १९०१ पासून. डॉक्टरेट मिळाली की माणूस चढून तिच्या गालाची पापी घेतो आणि तिच्या हातात फुलं ठेवून येतो. जुन्या नगरभवनाच्या तळघरात लॅटिनमध्ये एक ओळ आहे. तिचा अर्थ असा: ग्यॉटिंगनबाहेर जीवन नाही, आणि असलंच तर असं नाही. पुण्यात राहिलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो आणि त्या दाखल्याचं नाव आहे 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. माझ्याबरोबर रांगेत उभ्या असलेल्या मुलांना हा शब्द बघून धडकी भरली होती. मला मात्र पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. वोनुंग म्हणजे राहतं घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे पुष्टी. घर देणारा, तो गृहदाता; गृहदात्याची पुष्टी, ती गृहदातृपुष्टी. षष्ठी तत्पुरुष. विग्रह केला की शब्द मऊ होतो. पुढे पाच महिने मी प्रत्येक लांबलचक पाटीचा विग्रह करत हिंडले. आणि तिथल्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत 'तत्पुरुष', 'बहुव्रीही', 'द्वंद्व', 'संधी' हे शब्द तसेच्या तसे वापरतात, हे बघून आजोबांना त्याच दिवशी फोन केला. ते बराच वेळ नुसतं "वा, वा" म्हणत राहिले.

मराठी माणसाला जर्मनचं आणखी एक सोपं जातं. तीन लिंगं. माझ्या वर्गातल्या स्पॅनिश मुलीला नपुंसकलिंग कशाला लागतं ते कळायचं नाही. जर्मनमध्ये मुलीला 'मेड्‌शन' म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. आपण 'ते पोरगं' म्हणतोच की, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही.

वर्गाबद्दल मला जास्त सांगायचं आहे.

वेळापत्रकात 'दहा सी. टी.' लिहिलं होतं. मी दहाला पाच कमी असताना जाऊन बसले. सव्वादहा झाले तेव्हा कुठे सगळे आले. हा 'विद्यापीठाचा पाव तास', 'सी. टी.'चा अर्थ तोच. तास लिहिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो आणि त्यात उशीर कुणालाच झालेला नसतो. वर्गात आम्ही सहा जण. शिक्षक सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे, मुलं एकमेकांना 'तू'. संस्कृत मजकूर मात्र रोमन अक्षरांत छापलेला होता, वर आडव्या रेघा, खाली ठिपके. ग्यॉटिंगनच्या ग्रंथालयानं भारतीय भाषांतले ग्रंथ रोमन लिपीत टंकून सगळ्या जगासाठी खुले ठेवले आहेत. पुण्यात मी त्यात फक्त शब्द शोधायचे. इथे ते वाचायचे होते. माझी पाळी आली तेव्हा जो श्लोक मी झोपेतही म्हटला असता, त्याच्या पहिल्याच ओळीत मी तीनदा अडखळले. डोळ्यांना देवनागरीशिवाय संस्कृत ओळखू येत नव्हतं.

मग उच्चार. मी 'ज्ञान' वाचलं, आपण वाचतो तसं, द्न्यान. शेजारच्या मुलानं मान वर केली. शिक्षकांनी विचारलं, "यात 'द' कुठून आला?" चुकीवर बोट ठेवण्याचा सूर नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी सांगितलं, मराठीत आम्ही असं म्हणतो, हिंदीत ग्य म्हणतात, गुजरातीत ग्न. ते खूश झाले, फळ्यावर तिन्ही उच्चार लिहिले आणि सगळ्यांना 'ज्' नंतर 'ञ' असा सुटा उच्चार करून बघायला लावला. मीही केला. जीभ टाळूला नीट चिकटवून ज्, तिथेच ठेवून ञ. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या अक्षराचे दोन भाग मला वेगवेगळे जाणवले.

वाचनाची पद्धत अशी: एक जण ओळ वाचणार, संधी सोडवणार, प्रत्येक पदाची विभक्ती सांगणार, भाषांतर करणार, आणि जिथे कळलं नाही तिथे "मला कळलं नाही" म्हणणार. हे शेवटचं इतक्या सहज म्हटलं जायचं की पहिला महिना मला बघवत नसे. शिक्षक स्वतःही म्हणायचे. दीड तासात कधीकधी चारच श्लोक व्हायचे. पुण्यात दीड तासात आम्ही अर्धा सर्ग ऐकतो. वर्ग संपला की सगळे टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. टाळ्या नाहीत, टकटक. पहिल्या दिवशी वाटलं, बाहेर पाऊस सुरू झाला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली. मला येणारा एक श्लोक मी वर्गात मांडला. आजोबांच्या तोंडून ऐकून मी तो लहानपणी वहीत उतरवून घेतला होता आणि त्यात मी 'नतेन' असा एक शब्द लिहिला होता. नत म्हणजे वाकलेला. शिक्षकांनी विचारलं, "कोण वाकलंय इथे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षं मी तो श्लोक रोज म्हणत होते. शेजारच्या मुलानं छापील मजकूर माझ्यापुढे सरकवला. तिथे 'न' आणि 'तेन' यांच्यामध्ये जागा होती. न तेन. त्यानं नाही. कुणी वाकलेलं नव्हतंच. म्हणताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, सूर बिघडत नाही, वृत्त मोडत नाही. म्हणून मला कधी कळलं नाही.

त्या दिवशी मी खोलीवर गेले नाही. साडेचारलाच अंधारायला लागलं होतं. डिसेंबरात तर सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. मी गावाभोवतीच्या तटावर गेले. जुन्या ग्यॉटिंगनला मातीचा उंच तट होता. आता त्यावर झाडांखालून पायवाट आहे. सगळी फेरी पाऊण-एक तासाची. वाटेत एक छोटं गोल घर लागतं, १८३३ मध्ये विद्यार्थी बिस्मार्क तिथे राहायचा. पानं जवळजवळ सगळी गळली होती आणि ओली होती. मी चालता चालता तो श्लोक म्हटला. 'न तेन'वर थांबून. पुन्हा म्हटला. कुणी दार वाजवलं नाही.

ही जागा मला खरं तर शेजारणीनं सांगितली होती. ती वनशास्त्र शिकते. पहिल्या सोमवारनंतर चार दिवसांनी तिनं स्वयंपाकघरात विचारलं, "तुझं व्याकरण आता कुठे असतं?" मी म्हटलं, बंद आहे. ती म्हणाली, "तटावर जा. सकाळी सातला तिथे फक्त कुत्री असतात." मी हसून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सातला तटावर. तेव्हा तिथे मिट्ट काळोख असायचा. खरंच कुत्री असायची आणि त्यांचे मालक. एक आजोबा रोज समोरून यायचे, तपकिरी, म्हातारा, एका पायानं लंगडणारा कुत्रा घेऊन. पहिले काही दिवस ते जवळ आले की मी गप्प व्हायचे आणि पुढे गेले की सुरू करायचे. एक दिवस ते थांबले. मला वाटलं, आता सांगतील, इथेही चालत नाही. ते म्हणाले, "मी आलो की तुम्ही थांबता. कुत्र्याला ते आवडत नाही. म्हणत राहा." मग विचारलं, ही कुठली भाषा. मी सांगितलं. "आणि अर्थ?" मी त्या दिवशीच्या श्लोकाचा अर्थ माझ्या जर्मनमध्ये सांगितला. त्यांनी एका शब्दावर अडवलं, मी तो दुसऱ्या शब्दानं सांगितला. त्यानंतर रोज हेच. ते भेटायच्या आत मला अर्थ तयार ठेवावा लागायचा. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, संस्कृतचा 'स' माहीत नाही, पण 'कोण?', 'कुणाला?', 'कशासाठी?' हे तीन प्रश्न रोज विचारायचे. शिक्षकांपुढे नाही, त्यांच्यापुढे उत्तर नसायची मला धास्ती वाटू लागली.

डिसेंबरात एका सकाळी त्यांनी खिशातून चकाकणारा नारिंगी पट्टा काढून माझ्या दंडाला बांधला. "सायकलवाल्यांना तुम्ही ऐकू येता, पण दिसत नाही." एवढंच बोलून कुत्र्यामागे गेले.

स्वयंपाकघराबद्दलही थोडं. सात जणांत एक शेगडी आणि एक मोठा फ्रीज, प्रत्येकाला एक कप्पा. पहिल्या फोडणीला छतावरचं धूरसूचक यंत्र कोकललं, त्यानंतर मी आधी खिडकी सताड उघडून मग तेल तापवायला लागले. जानेवारीतसुद्धा. तिकडे खिडकी तशीही रोज उघडावीच लागते. थंडीत घर बंद ठेवलं की भिंतींना बुरशी धरते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळं उघडून हवा बदलतात. कचऱ्याचे डबे वेगवेगळे. काचेच्या बाटल्या तर रंगाप्रमाणे वेगळ्या, आणि रविवारी त्या टाकायच्या नाहीत, फुटल्याचा आवाज होतो. प्लॅस्टिकची बाटली यंत्रात परत केली की पंचवीस सेंट मिळतात. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायचं. बाराच्या ठोक्याला सगळं विद्यापीठ तिथे असतं. संध्याकाळी तिकडे बहुतेकजण थंडच खातात, पाव, चीज, काकडी. मला ते जमलं नाही. संध्याकाळी मला वाफ लागते. शेजारीण तिचा पाव घेऊन माझ्या वरणाच्या पातेल्याशेजारी बसायची आणि पाव त्यात बुडवायची. आईनं दिलेला गोडा मसाला जानेवारीत संपला तेव्हा माझ्याआधी तिला कळलं.

रविवारी दुकानं बंद. सुरुवातीचे दोन रविवार मी उपाशी नाही, पण नुसत्या भातावर काढले, कारण शनिवारी आणायचं विसरले. रविवारची ही विश्रांती तिथल्या राज्यघटनेतच संरक्षित आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेनं तसंच उचललं आहे. रविवारचे पाच वाजता बाहेर अंधार, घरात शांतता, वाईला रात्रीचे साडेनऊ म्हणून आजोबा झोपलेले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि घर आणखी एक तास लांब जातं. या रविवारांबद्दल मला जास्त लिहायचं नाही. ते कठीण होते.

अशाच एका रविवारी शेजारीण मला हार्त्सच्या डोंगरात घेऊन गेली. मी जंगल बघायला गेले आणि समोर मैलच्या मैल राखाडी खांब. उभीच्या उभी मेलेली स्प्रूसची झाडं. तिनं सांगितलं, शेकडो वर्षं इथे खाणी होत्या, खाणींना लाकूड हवं, म्हणून सरळ वाढणारी एकाच जातीची झाडं रांगेनं लावली गेली. स्प्रूसच्या सालीखाली एक छोटा भुंगा शिरतो. धडधाकट झाड त्याला डिंकात बुडवून मारतं. २०१८ पासून लागोपाठ दुष्काळ पडले, झाडांत डिंक करायला पाणी उरलं नाही आणि भुंग्यांनी डोंगर खाल्ला. बोलताना तिचा आवाज जड झाला होता. तिचं सगळं शिक्षण आता याच प्रश्नाभोवती आहे: इथे पुढे काय लावायचं. बीच, मेपल, जे आपोआप उगवेल ते, मिसळून. वर पोचल्यावर वारा सुटला. ती म्हणाली, "इथे कुणी झोपलेलं नाही. म्हण." मी घाटावर म्हणायचे तसं म्हटलं. ती डोळे मिटून उभी होती. खाली उतरताना तिनं पहिल्यांदाच विचारलं, की मला गायला लावायचे ते कोण, आणि ते किती वर्षांचे आहेत.

जानेवारीत दहा दिवस तापानं पडले. मेतकूट-भात करून घ्यायचीही ताकद नव्हती. शेजारणीनं चिठ्ठीवर लिहून घेऊन तो केला, भात जरा कच्चा होता, मी सगळा खाल्ला. अकराव्या दिवशी तटावर गेले तेव्हा कुत्रेवाले आजोबा म्हणाले, "आम्ही दोघं रोज बघत होतो." मग लगेच, "आज काय?"

वर्गात शेवटच्या महिन्यात मंदाक्रांता वृत्तातले श्लोक होते. तिथे वृत्त पेन्सिलीनं वाचतात: अक्षरावर लघूची खूण, गुरूची खूण, मोजायचं, जुळलं की पुढे. सतरा अक्षरं, चार, सहा, सात असे विराम. माझ्या पाळीला मी ओळ वाचली आणि तिसऱ्या विरामात पाय घसरल्यासारखं झालं. म्हटलं, "इथे एक अक्षर जास्त आहे." कुणी मोजलं नव्हतं अजून. त्यांनी मोजलं. अठरा. टंकताना एक अक्षर दोनदा पडलं होतं. शिक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही हे कसं म्हणता, ते आम्हाला ऐकवाल का?"

चार भिंतींच्या आत मोठ्यानं म्हणायची तिथे मला तेव्हा पहिल्यांदा परवानगी मिळाली. मी उभी राहिले. बसून मला येत नाही. सात श्लोक म्हटले. घाटावरच्या आवाजात नाही, पण खोलीत मावेल त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्यानं. प्रत्येक श्लोकानंतर थांबून पदं सोडवली, कर्ता कोण, कर्म काय, ते सांगितलं. दोन ठिकाणी "मला कळलं नाही" म्हटलं. संपलं तेव्हा क्षणभर काहीच नाही, आणि मग टेबलांवर तो पाऊस. नंतरच्या दोन तासांत ज्याची पाळी असेल तो आधी मंदाक्रांता म्हणून बघायचा. शेजारच्या मुलाला सहावर थांबता यायचं नाही, तो सातव्या अक्षरावर घसरायचा. पण शेवटच्या दिवशी त्यानं पूर्ण ओळ बरोबर म्हटली आणि कानापर्यंत लाल झाला.

निघायच्या सकाळी तटावर गेले. फेब्रुवारी, सातला थोडं फटफटलेलं. पट्टा परत द्यायला दंडावरून काढला. आजोबांनी घेतला नाही. "तुमच्याकडे नदीवर दिवे आहेत?" मी म्हटलं, आहेत एक-दोन. "मग लागेल." कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचे कान गार होते.

वाईला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आजोबांबरोबर घाटावर गेले. आता ते खालच्या पायरीपर्यंत उतरत नाहीत, मधल्या पायरीवर बसतात. मी तो श्लोक म्हटला आणि 'न तेन'वर थांबले. मग त्यांना सगळं सांगितलं: माझी वही, शिक्षकांचा प्रश्न, छापील कागदावरची ती जागा, बारा वर्षं मी काय समजून म्हणत होते ते. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी 'न तेन'च सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू अर्थ विचारला नाहीस. मला वाटलं, तुला कळलाय."

पाणी कमी होतं, पलीकडच्या काठावर कुणी तरी धुणं आपटत होतं. त्यांनी उपरणं नीट केलं.

"वरच्या पायरीवर जा. पहिल्यापासून म्हण. आणि प्रत्येक ओळीला मी विचारीन."